झिंबुलचा रफाएल

माणसानं दुसऱ्याच्या घरातलं भांडं मागून नेलं तर कशाला हवंय ते निदान सांगावं. नील्सनं सांगितलं नाही. माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या खुर्चीवर बसून, माझ्या हातच्या चीज भरलेल्या बुरेका खात त्यानं माझं नाव मागून नेलं, आणि मीही खुळी, वाटीभर साखर द्यावी तसं देऊन मोकळी झाले. मग त्या शनिवारी, प्रार्थनेला जमलेल्या भर मंडळीत, माझ्यापासून पाच-सहा ओळी पुढे, त्यानं उभं राहून ते नाव घेतलं. तेही पुटपुटल्यासारखं. नील्स माझा जावई. मुलाचा नवरा म्हणजे जावई धरायचा की सून, यावर आमच्या बायकांत एकेकाळी बराच काथ्याकूट झाला होता; शेवटी मीच निकाल दिला की जावई, सून असती तर आल्या आल्या ओट्यापाशी उभी राहिली असती. तसा माणूस वाईट नाही. मिनेसोटाकडच्या कुठल्याशा शेतावरचा, दाराच्या चौकटीएवढा उंच, पांढऱ्या भुवयांचा. माझ्या रफाएलशी लग्न करायच्या आधी तो यहुदी झाला, आणि नव्यानं झालेला माणूस जसा असतो तसा झाला: आम्ही जे सवयीनं करतो ते तो समजून करतो. मेणबत्ती लावताना मी मनात भाजी निवडत असते. नील्सच्या डोळ्यांत पाणी असतं. आणि गातो बेसूर. इतका बेसूर की शेजारच्याचाही सूर सोबत घेऊन बुडतो. पण या मंडळीत कोणी कोणाला गप्प करत नाही. इथला तो नियमच आहे.

आदल्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी, रफाएल मला न्यायला यायचा होता. शुक्रवारची प्रार्थना आमची तिघांची. एका बाजूला तो, एका बाजूला नील्स, मध्ये मी, दोन खांबांमध्ये टांगलेल्या घंटेसारखी. शनिवारी सकाळी मी जात नाही. सकाळी माझे गुडघे माझे नसतात. रफाएलचा फोन आला, आई, सर्दी आहे, आज राहू दे. मी म्हटलं, मेल्या, कामावर त्या फेरीबोटीच्या कठड्याला उघड्या डोक्यानं उभा राहतोस, सर्दी नाही होणार तर काय बढती होणार? मी त्याला मेल्याच म्हणत आले, पाळण्यात होता तेव्हापासून. नजर लागू नये म्हणून आधी म्हणायची, मग तेच नाव होऊन बसलं. तो हसला. हसता हसता मध्येच थांबला, आणि मग राहिलेलं हसून घेतलं. माणूस हसताना श्वास घ्यायला थांबतो, त्यात विशेष काही नाही. पण ते थांबणं रात्रभर माझ्या कानात राहिलं, घशात माशाचा काटा राहतो तसं. भात गिळा, पाव गिळा, ते हलत नाही. सकाळी उठले, शुक्रवारची प्रार्थना हुकली, शनिवारची तरी गाठू म्हणून चांगला झगा घातला आणि बस पकडली. माझ्या बापाच्या घरात शब्बाथच्या, शनिवारच्या विसाव्याच्या, दिवशी बसमध्ये पाऊल ठेवलं असतं तर त्यानं ते पाऊल घरात घेऊ दिलं नसतं. इथे कोणी विचारत नाही कशानं आलीस. पोचलीस ना, मग हे पुस्तक धर.

मला उशीर झाला होता, म्हणून दारालगत, शेवटच्या ओळीत बसले. पुढे नील्सची पाठ दिसत होती, आणि त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी. मी मनात म्हटलं, बघा, नवऱ्याला सर्दीत सोडून हा इथे देवाला भेटायला आलाय. गाणं सुरू झालेलंच होतं. इथे सगळे गातात, हेच इथलं वेड. पुरुष, बायका, पुरुष की बाई हे ज्यांनी अजून सांगितलेलं नाही तेही. चाकाच्या खुर्चीतले, हिब्रूचं एक अक्षर न येणारे, ज्यांची आई यहुदी आणि बाप नाही, बाप यहुदी आणि आई नाही असे. पुढे ओर्ली नावाची पोरगी डफ घेऊन उभी असते. तिच्याजवळ पर्ल उभी राहते आणि जे काही म्हटलं जातं ते बहिऱ्यांसाठी हातांनी सांगते. पहिल्या रांगेतला म्हातारा एझ्रा तिच्या हातांकडे बघत स्वतःच्या हातांनी गातो. मी पहिल्यांदा आले तेव्हा मला हे सगळं मासळीबाजारासारखं वाटलं होतं. आणि मला मासळीबाजार आवडतो, आयुष्य तिथेच गेलं. आमच्या जुन्या सिनेगॉगमध्ये आम्ही बायका वरच्या सज्ज्यात बसायचो. खाली पुरुष गायचे, त्यांत शबताय, माझा नवरा, आणि वर जाळीआड आम्ही ओठ हलवायचो. ओठ हलवता हलवता मला सगळं पाठ झालं. शाळेचं तोंड मी फारसं पाहिलं नाही. माझ्या गावाहून, इझमीरहून, बोटीनं इकडे आले ती थेट सासऱ्याच्या मासळीच्या गाळ्यावर उभी राहिले, तिथे सॅल्मन मासा साफ करायला अक्षरं लागत नाहीत. पण प्रार्थनेतला एक शब्द कोणी चुकला की मला वरून कळायचं. रफाएल आणि नील्सचं लग्न झालं तेव्हा तिथे कोणी वावगं बोललं नाही. फक्त शबतायच्या माघारी त्याच्या बाकावर रफाएल ज्या जागी बसायचा, तिथे कोणाचा ना कोणाचा पाहुणा बसलेला असायचा. दर वेळी नवा पाहुणा. मी जाळीतून बघत होते. एके दिवशी पायऱ्या वाजवत खाली उतरले आणि पुरुषांच्या मधोमध उभी राहून रफाएलला म्हटलं, चल, जिथे बसायला जागा आहे तिथे जाऊ. म्हणून आम्ही इथे आलो.

इथे जागा देतात, पण चाल टिकू देत नाहीत. एकाच स्तोत्राला या आठवड्यात एक चाल, पुढल्या आठवड्यात दुसरी. आणि मध्येच शब्द टाकून देऊन अख्खी मंडळी नुसतं लाय-लाय-लाय करत बसते, डोळे मिटून, डोलत. पूर्वेकडच्या थंड देशांतल्या यहुद्यांची ही रीत, आमची नव्हे. शब्दाशिवायचं गाणं म्हणजे माशाशिवायची जाळी, असं मी ओर्लीला एकदा म्हटलं होतं. ती म्हणाली, सिल्व्हियाआजी, जाळीत काय सापडेल ते आधी कुठे माहीत असतं. जिभेला हाड नाही पोरीच्या. सिल्व्हिया म्हणजे मीच. इथे आणि बाजारात मला सगळे सिल्व्हिया म्हणतात.

मग आजाऱ्यांची वेळ आली. ओर्ली डफ खाली ठेवते आणि मधल्या वाटेनं पुढून मागे हळूहळू चालत येते. ज्या ओळीजवळ ती येईल त्या ओळीतल्या माणसानं आपल्या आजारी माणसाचं नाव मोठ्यानं घ्यायचं. बाकीचे गप्प ऐकतात. नाव घ्यायचं ते आईच्या नावासकट. एरवी आमच्यात माणूस बापाच्या नावानं ओळखला जातो; लग्नात बाप, धर्मग्रंथासमोर बोलावतात तेव्हा बाप, थडग्याच्या दगडावर बाप. दुखण्यात मात्र आई. असं का, ते माझी आई सांगायची: बाप कोण ते माणसं सांगतात, आई कोण ते देवानं स्वतः पाहिलेलं असतं. नावं येऊ लागली. लेआची तमारा. रिव्काचा लिओन. एका बाईनं स्वतःचंच नाव घेतलं आणि खाली बसली. मी शेवटच्या ओळीत आरामात टेकून बसले होते. आपलं कोणी आजारी नसलं की या भागात माणूस जरा सैलावतो. खोटं कशाला बोला, बरं वाटतं. ओर्ली नील्सच्या ओळीशी आली. नील्स उठला, खुर्चीच्या पाठीला धरून, आणि म्हणाला, "रफाएल बेन झिंबुल." झिंबुलचा रफाएल.

पर्लचे हात थांबले. लेआ, रिव्का, सारा हे तिच्या हातांना माहीत होतं. हे नाव तिनं कधी ऐकलं नव्हतं. तिनं भुवया उंचावून नील्सकडे पाहिलं, पुन्हा सांगा म्हणून. नील्सनं पुन्हा सांगितलं. दुसऱ्या वेळी त्याचा आवाज आणखी खाली गेला. मग पर्लनं एका हाताच्या बोटांनी ते नाव एकेक अक्षर करून हवेत मांडलं, बोट वाकवून, बोट उघडून, मूठ करून. म्हाताऱ्या एझ्रानं मान हलवली आणि स्वतःच्या बोटांनी ते तसंच परत मांडलं, पक्कं करून घेतल्यासारखं. मला ती अक्षरं कळत नव्हती, पण ती माझी होती हे कळत होतं. अख्ख्या सभागृहात कोणाचं डोकं वळलं नाही. वळणार कसं? त्या नावाची बाई इथे बसली आहे हे कोणाला माहीतच नव्हतं. ओर्ली मागे मागे येत राहिली, नावं घेतली जात राहिली, ती माझ्या ओळीशी आली आणि माझ्याकडे बघून हसली, आजी शनिवारी कशा, अशा नजरेनं, आणि थांबली. नाव आहे का? मी मान हलवली. नाही म्हणून. काय करणार होते? ते तर घेऊन झालं होतं.

झिंबुल म्हणजे एक फूल, जांभळं, घट्ट गुच्छाचं. इझमीरला थंडी सरताना बायका टोपल्यांतून विकायला आणायच्या आणि गल्लीभर वास राहायचा. माझ्या आजीचं नाव झिंबुल, म्हणून माझं. बोटीतून उतरून गाळ्यावर उभी राहिले त्या दिवशी सासऱ्यानं शबतायला सांगितलं, या नावानं गिऱ्हाईक तोंड वेडंवाकडं करेल, आणि माझ्या एप्रनवर दुसरं नाव शिवून आणलं. दुकानाला ते चांगलं होतं. माझी आई मला झिंबुल म्हणायची, तिच्यानंतर कोणी नाही. शबतायसुद्धा नाही, फक्त कधीतरी, आणि ते कधी ते मी सांगणार नाही. मग एवढ्यात, पेसाखच्या सणाची साफसफाई काढायच्या आधी, नील्स एकटा माझ्याकडे आला. मी कांद्याच्या सालीत शिजवलेली अंडी सोलत होते. म्हणाला, आई, तुमचं खरं नाव काय हो? प्रार्थनेतलं? मी म्हटलं, का, माझ्या थडग्याचा दगड आताच सांगून ठेवतोस की काय, स्वस्तात पडतो म्हणून? तो हसला नाही. कानापर्यंत लाल झाला आणि म्हणाला, असंच, मला माहीत असावं असं वाटलं. मला इतका आनंद झाला. लग्नाला इतकी वर्षं झाली, जावई आज विचारतोय, तू कोण म्हणून. मी त्याला फूल सांगितलं, टोपल्या सांगितल्या, आजी सांगितली, सासऱ्याला दोन शिव्या हासडल्या. त्यानं ते नाव माझ्याकडून घोटून घेतलं, पुन्हा पुन्हा, बरोबर येईपर्यंत. झिं-बुल. अरे, बुलवर जोर दे, मी म्हणत होते. जाताना त्यानं माझ्या कपाळाचं चुंबन घेतलं. मी आपली दिवसभर खुशीत. अंडी जरा जास्तच खारवली त्या दिवशी.

नावं संपली आणि सगळे एकदम गायला लागले. ती आजाऱ्यांसाठीची चाल संथ आहे, शब्द थोडे, तेच तेच फिरून येतात, आणि मग शब्दही संपतात आणि लाय-लाय सुरू होतं. माझं तोंड गात होतं. मी त्याला सांगितलं नव्हतं. आतून एक जण म्हणत होतं की उठ, त्याच्या कॉलरला धर, विचार. आणि तोंड आपलं गात होतं, वर सज्ज्यात शिकलेलं तोंड, ओठ हलवायची सवय असलेलं. माझ्या बाजूला कोणी अनोळखी जाडजूड तरुण होता, त्यानं डोळे मिटून माझा हात धरला, इथे धरतात, आणि त्याच्या तळव्याला घाम होता. दोनशे माणसं माझ्या मुलासाठी गात होती आणि कोणाला माहीत नव्हतं तो कोणाचा. त्यांतल्या निम्म्यांच्या ताटात मी मासा वाढला असेल. उभं राहून सांगावं, की अरे, तो माझा, हा जो गेल्या वर्षी सणाचा तंबू बांधताना शिडीवरून पडला आणि सगळे हसलात तो, तुमच्या खालच्या सुरात गाणारा, तो. पण गाण्याला कुठे दार नव्हतं. ते एका तोंडातून दुसऱ्यात जात होतं, आणि मी मध्ये थांबले असते तरी ते माझ्याविना गेलंच असतं.

आणि खालचा सूर नव्हता. हे मला तेव्हा ऐकू आलं. किती शुक्रवार रफाएल माझ्या शेजारी उभा राहून गायला नव्हता? घसा बसलाय म्हणायचा. मी म्हणायची, गा रे, बसलेला घसा गाण्यानंच उठतो. त्याच्या मनगटावरचं शबतायचं घड्याळ कोपराकडे घसरायचं आणि तो ते झटकून खाली आणायचा. मला वाटलं पट्टा सैल झालाय, मीच म्हटलं, नवा पट्टा घाल, कंजूष. पाव सोडलाय म्हणाला, पोट कमी करतोय. मी म्हटलं, या वयात कोणासाठी, नवरा तर मिळाला. नील्स तेव्हा उठून पाणी आणायला गेला होता. फार वेळ लागला त्याला पाणी आणायला. त्यांच्या घरी सोफ्यावर दिवसा उशी आणि पांघरूण पडलेलं असायचं. मी ते घडी करून ठेवायची आणि दोघांना आळशी म्हणायची. एकेक गोष्ट माझ्या हातातून गेली होती. जन्मभर मी मासा नुसता बघून सांगत आले, ताजा की कालचा, कल्ले उघडायचीही गरज नाही. गिऱ्हाइकं लांबून यायची, सिल्व्हिया सांगेल म्हणून. आणि स्वतःच्या पोराच्या गालाला दर आठवड्याला ओठ लावून मला काही कळलं नाही. लाय-लाय-लाय. एझ्राचे हात हवेत वर-खाली होत होते, पाण्यावर ठेवल्यासारखे. नील्सची पाठ हलत नव्हती. तो गात नव्हता. तो गात असता तर कळलंच असतं.

प्रार्थना संपली तेव्हा सगळे जेवायला मागच्या दालनात गेले. मी बाहेर कोट टांगतात तिथे जाऊन उभी राहिले. ओल्या लोकरीचा वास, खाली पोरांचे बूट. नील्स झाकणाच्या डबीत केकचा तुकडा घेऊन बाहेर आला, घरी न्यायला. त्यानं मला पाहिलं आणि चेहरा असा झाला की मला काही विचारायची गरज राहिली नाही. तरीही तो म्हणाला, "आई, तुम्ही? तुम्ही कधी आलात?"

"झिंबुल कधी आली ते विचार," मी म्हटलं.

तो पोरांच्या बूट घालायच्या बुटक्या बाकावर बसला, गुडघे छातीशी आले, केक मांडीवर. म्हणाला, रफाएलनं शपथ घातली होती, कोणाला सांगायचं नाही. त्यानं कोणालाच सांगितलं नव्हतं, इथल्या धर्मगुरूला, रब्बीलासुद्धा नाही. मी म्हटलं, अख्ख्या मंडळीला सांगितलंस की. तो म्हणाला, देवाला सांगायला आईचं नाव लागतं, दुसरं कुठलं चालत नाही, पुस्तकात तसं आहे. आणि इथे झिंबुल कोण ते कोणाला ठाऊक, त्यांना सिल्व्हियाचा रफाएल माहीत, हा दुसराच कोणी वाटेल, आणि शनिवारी तुम्ही येत नाही. सगळं नीट जुळवलं होतं त्यानं. एवढ्या मोठ्या डोक्यात एवढंच मावलं नाही, की त्या नावाला जगात एकच माणूस ओळखतो, आणि नेमकं त्याच्यापासूनच लपवायचं आहे. मग मी विचारलं आणि त्यानं सांगितलं. त्या दुखण्याचं नाव आमच्या घरात घेत नाहीत, मीही घेणार नाही. पोटात होतं, आता नुसतं पोटात नाही. डॉक्टर काय म्हणतात, मी विचारलं. नील्स केकवरचं झाकण काढून पुन्हा घालत होता. म्हणाला, आधी ते पुष्कळ बोलायचे, आई. आता फक्त दुखतं का विचारतात, आणि हो म्हटलं की औषध वाढवतात.

आतून टेबलं बडवत जेवणानंतरचं गाणं सुरू झालं. हे लोक जेवल्यावरही गातात. मी विचारलं, मला का नाही सांगायचं? मी काय काचेची आहे? शबतायला मी माझ्या हातांनी मूठमाती दिली, गाळा विकला, या पायांनी चालते आहे. नील्सनं वर पाहिलं. इतक्या वर्षांत मी त्याचे डोळे कधी नीट पाहिले नव्हते, भुवयांचंच हसू यायचं.

"त्याला तुम्ही ओरडायला हव्या आहात," तो म्हणाला. "बाकी सगळे त्याच्याशी हळू आवाजात बोलतात. बोटीवरचे, डॉक्टर, मी. तुमचा फोन झाला की तो मला सांगतो, आज आई काय काय म्हणाली ते. तुमचा आवाज काढून सांगतो. म्हणतो, तिला कळलं की ती ओरडायची थांबेल, आणि मग मला कळेल."

काय कळेल, हे मी विचारलं नाही. मी बुटांकडे बघत राहिले. एका लहान बुटाची नाडी चार गाठी मारून बांधली होती. कुठल्या आईनं मारल्या असतील, घाईत. तेवढ्यात नील्सच्या खिशात फोन थरथरला. त्यानं तो काढला आणि हातात तसाच धरून ठेवला. मी हात पुढे केला. त्यानं मान हलवली. मी हात मागे घेतला नाही, तेव्हा त्यानं दिला.

मी तो कानाला लावला. पलीकडे रफाएल म्हणत होता, नील्स, येताना दूध. आणि मला ठाऊक होतं की आता मी बाळा म्हटलं, किंवा नुसतं रफाएल म्हटलं, तरी संपलं. त्याला त्याच क्षणी कळेल. मला तो एकच शब्द म्हणायचा होता, जन्मभर म्हटलेला, आणि तो घशात येऊन उभा राहिला, काट्यासारखा आडवा. आत टेबलं बडवली जात होती. मी तो शब्द ओढून काढला.

"मेल्या," मी म्हटलं, "टोपी घातलीस का?"

मग तो म्हणाला, "घरात आहे मी, आई."

"घरातही घालायची. सर्दीला काय दार लागतं? काल माझं चिकन फुकट गेलं तुझ्यापायी."

तो हसला. मध्येच थांबला. मी ते थांबणं पूर्ण ऐकलं, शेवटपर्यंत, आता ते काय आहे हे ठाऊक असताना. मग त्यानं राहिलेलं हसून घेतलं. विचारलं, तू तिथे कशी काय, गाणं कसं झालं. मी म्हटलं, नेहमीसारखं, चाल बदलली, तुझा नवरा बेसूर. दूध आणायला सांगते, आणि पांघरूण सोफ्यावर टाकून ठेवू नकोस, मी उद्या येणार आहे. ये, तो म्हणाला. आणि ओरड. हे शेवटचं त्यानं गमतीनं म्हटलं, की तसं मला वाटलं, की कदाचित त्यानं ते म्हटलंच नाही आणि आतल्या गाण्यातलाच कुठला शब्द माझ्या कानात पडला. मी फोन परत दिला तेव्हा तो बंद झालेला होता.

नील्स रडत होता, मोठी माणसं रडतात तसा, आवाज न करता, नाक वाहत. केक मांडीवरून घसरून बुटांत पडला होता. मी वाकून तो उचलला, गुडघे कुरकुरले, आणि झाकणावरची धूळ माझ्या चांगल्या झग्याला पुसली. त्याचा कोट हुकावरून काढला. ओला होता, जड होता. तो त्याच्या खांद्यांवर टाकताना मला चवड्यांवर उभं राहावं लागलं नाही, कारण तो अजून बसलेला होता, आणि पहिल्यांदाच माझं तोंड त्याच्या तोंडासमोर आलं. त्याला वाटलं असावं, मी आता जवळ घेईन. मी बटणं लावली, वरून खालपर्यंत, सगळी. मग त्याला सांगितलं.

"नील्स, तू माझं नाव चोरासारखं घेतलंस. असं पुटपुटून घेतलेलं नाव लांब जात नाही. मागच्या ओळीपर्यंत आलं, माझ्यापर्यंत पोचलं, आणि तिथेच संपलं. माझ्यापर्यंत पोचून काय उपयोग? मी काही करू शकत नाही. पुढल्या शनिवारी मोठ्यानं घे."